तीन पट्ट्यांची माशी

देवरावभाऊ,

आज सकाळी तुमच्या झाडाखाली पडलेले पेरू मी उचलले. तुम्ही असतात तर ओट्यावरूनच ओरडला असतात, "राहू द्या जी सर, ते पाखरायचे हायेत!" कोणी ओरडलं नाही. वहिनी तुमच्या दारात बसून भाजी निवडत होत्या. भिंतीवरची खार मात्र माझ्याकडे अशी पाहत होती की तुमच्या वतीने आता तीच भांडणार असं वाटलं. म्हणून एक बरा पेरू तिच्यासाठी भिंतीवर ठेवला आणि बाकीचे पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवले. आत अळ्या होत्याच. तुमच्या झाडाने शब्द पाळला आहे.

तुम्हाला जाऊन महिना होत आला. माझं तुमच्याशी एक बोलणं राहिलं आहे. समोरासमोर बोलणं मला कधी जमलं नाही. आयुष्यभर महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बोलणाऱ्यांना गप्प करायचं काम केलं, त्यामुळे लिहिणंच बरं. तुम्ही मला पहिल्या दिवसापासून 'सर' म्हणालात. मी सांगितलं, मी शिकवत नव्हतो, फक्त पुस्तकं देत होतो. तुम्ही म्हणालात, "शिकवणारा तं नुस्ता बोलते जी. तुम्ही तं सामान देत होते." निवृत्तीच्या समारंभात माझ्यावर पाच भाषणं झाली होती. त्यातल्या एकातही इतकं नेमकं वाक्य नव्हतं.

कुहीकडची धानाची शेती धाकट्या भावाकडे सोपवून तुम्ही शहरातल्या नंदनवन वस्तीत राहायला आलात, ते मुलाने घर बांधलं म्हणून. घर बांधून झालं आणि मुलाला पुण्यात नोकरी लागली. तुमच्याकडे राहिलं ते घर, घरामागची चार वाफ्यांची जागा आणि आधीच्या मालकाने लावलेलं पेरूचं झाड. पहिल्या आठवड्यात तुम्ही फावडं घेऊन त्या वाफ्यांच्या मधोमध उभे होतात, चारी बाजूंना पाहत. मी कमरेएवढ्या भिंतीपलीकडून नमस्कार केला. तुम्ही नमस्काराऐवजी म्हणालात, "सर, एवढ्या जागेत आमच्या गावात बैल बी पलटत नाही." मग फावडं मारलंत आणि पहिल्याच घावात पाण्याची पाइपलाइन फोडलीत.

माश्यांचं प्रकरण सुरू झालं ते एका पेरूपासून. तुम्ही त्याला जांब म्हणायचात. पावसाळ्यातला पहिला पिकलेला जांब तुम्ही चिरून, तिखटमीठ लावून, बशीतून माझ्यासाठी घेऊन आलात. मी पुस्तक वाचत होतो. फोड उचलणार तेवढ्यात तिच्यातून एक पांढरी अळी निघाली, डोकं आणि शेपूट एकत्र आणून तिने वेटोळं केलं आणि टुणकन उडी मारून माझ्या उघड्या पानावर येऊन पडली.

मी ओरडलो. तुम्ही मात्र हरखलात.

"उडी मारते जी सर! पाय नाही, पंख नाही, अन् उडी मारते!"

माझी घरची मंडळी, म्हणजे सुधा, आतून पाहायला आली, तेव्हा साठी ओलांडलेले दोन गृहस्थ टेबलावर पट्टी ठेवून एका अळीची उडी मोजत होते. सुधाने कपाळावर हात मारला आणि बशी उचलून नेली. अळी आमच्याकडेच राहिली.

"हे जांबातच पैदा होते," तुम्ही म्हणालात. "आपोआप. जांब पिकला का अळी."

"तसं नाही ते, देवरावभाऊ," मी म्हणालो. आपलं हे पहिलं भांडण. "माशी येते, सालीला टोचते, आत अंडी घालते. अळी मोठी झाली की फळातून बाहेर पडून मातीत जाते, कोष करते आणि पुन्हा माशी होऊन निघते."

"तुम्ही पाह्यलं?"

"वाचलं."

"मंग ठीक हाय," तुम्ही म्हणालात. तुमच्या 'ठीक हाय'चा अर्थ 'खोटं आहे' असा असतो, हे कळायला मला पुढे बरेच दिवस लागले.

त्या दिवसापासून आपण माश्या ओळखायला लागलो. तुम्ही पकडायच्या आणि मी सहकाऱ्यांनी निवृत्तीला दिलेलं भिंग लावून पाहायच्या. मी कुठेतरी वाचलं की तुळशीची पानं चुरून ठेवली तर त्या वासाने फळमाशीचे नर येतात. वाचलं तिथेच थांबायला हवं होतं. पण मी ते तुम्हाला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सुधाच्या तुळशीच्या नुसत्या काड्या उरल्या. तिची पानं पाण्याच्या बाटलीत बसून तुमच्या फांदीला लोंबकळत होती.

सुधा अंगणात उभी राहिली. "देवरावभाऊ, देवाच्या तुळशीचा सापळा करता?"

"वहिनी, देवालेच जांब दाखवता ना नैवेद्याले? त्याच्या जांबात अळी निघाली तं कोणाचं नाव खराब होईन?"

सुधा उरलेल्या काड्यांना पाणी घालायला लागली. मला आमच्या संसारात असा विजय कधी मिळाला नव्हता, म्हणून मी तिच्या नजरेस न पडता आत गेलो.

बाटलीत संध्याकाळपर्यंत पुष्कळ माश्या जमल्या. मी भिंगाने पाहून सांगितलं की हे सगळे नर. तुम्ही बाटली उजेडाकडे धरून एकेक नर पाहिलात. मग म्हणालात, "अंडे घालते बायको, मंग फाशी नवऱ्याले काहून जी?" तुमच्या घरातून वहिनींचा आवाज आला, "बरोबर हाय, तेच करा!" तुम्ही इतके हसलात की बाटली सांडली आणि अर्धे नर वाचले.

मी हे सगळं लिहितो आहे ते पुढचं लिहिणं टाळण्यासाठी, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

आपलं खरं भांडण माझ्या ड्रमवरून झालं. निवृत्तीनंतर मी भिंतीला लागून खताचा निळा ड्रम ठेवला होता. त्याला बाजूंनी हवेसाठी भोकं पाडली होती आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा मी त्यात शास्त्रशुद्ध पद्धतीने थर देऊन टाकत असे. भिंतीवर वहिनींचा कारल्याचा वेल होता. यंदा त्याची कारली वाकडी होऊन पिवळी पडायला लागली. वहिनी ती तोडून मला द्यायच्या, "घ्या भाऊजी, खताले होतीन." मी घ्यायचो आणि ड्रममध्ये टाकायचो. ड्रमवर माश्या घोंघावत असायच्या आणि तुम्ही म्हणायला लागलात की बागेतल्या सगळ्या माश्या माझ्या ड्रममधून निघतात.

"तसं नाही ते," मी म्हणायचो. "ही बारीक चिलटं आहेत. डोळे लाल, पाठीवर पट्टा नाही. सडलेल्यावर बसतात, फळाला टोचत नाहीत. टोचणारी माशी मोठी असते. ती कुठून येते ठाऊक आहे? तुम्ही खाली पडलेले पेरू उचलत नाही, त्यांच्यातून."

"आमच्या घरी पडलेलं फळ उचलत नाही. माह्या बापानं नाही उचललं. ते पाखरायचं असते."

"पाखरं खातात दोन. बाकीच्यांतून माश्या निघतात. तुम्ही त्या पोसताय."

"अन् तुम्ही डरममधी काय लेकरं पोसून राहिले?"

हे रोज चालायचं. रोज चालायचं म्हणूनच मी रोज भिंतीपाशी यायचो, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

मग पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची, तान्ह्या पोळ्याची सकाळ आली. जुन्या शहरात महालाकडे मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघणार होती. सारं गाव तिच्या नावाने आपापली पीडा ओरडून देतं, रोगराई घेऊन जा, महागाई घेऊन जा. आपल्या गल्लीत मारबत येत नाही. तुम्ही तिची वाट पाहिली नाहीत. फाटकात उभं राहून, दोन्ही हात तोंडाशी धरून, समोरच्या घरांतली माणसं बाहेर येतील अशा आवाजात तुम्ही ओरडलात, "सरच्या डरमातल्या माश्या घेऊन जा गे मारबत!"

गल्ली हसली. पोरं-टोरं तेच ओरडायला लागली. दूधवाला सायकल थांबवून हसला.

मी हसलो नाही. माझ्याकडे शेतीच्या एका पुस्तिकेतल्या पानाची मोठी करून काढलेली झेरॉक्स होती. पानावर माश्यांचा तक्ता होता: लाल डोळे आणि पट्टा नाही ते चिलट, पाठीवर दोन पिवळे पट्टे ती पेरूची माशी, तीन पिवळे पट्टे ती कारल्या-दोडक्याची. खाली उपाय होते. पहिला उपाय, 'झाडाखाली पडलेली फळे रोज गोळा करावीत', याखाली मी लाल रेघ मारून ठेवली होती. ते पान मी आतून आणलं आणि सगळ्यांसमोर तुमच्या हातात दिलं. आणि म्हणालो, "तुम्हाला वाचता येतं ना? मग वाचा."

तुम्हाला वाचता येत होतं. सातवीपर्यंत शिकलेले तुम्ही रोज सकाळी ओट्यावर बसून ओळीखाली बोट ठेवत अख्खं वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचात, निविदांच्या जाहिरातींसकट. माझी झोप त्यानेच मोडायची. मला ते पुरतं माहीत होतं. म्हणूनच ते वाक्य वाईट होतं.

तुम्ही पानाच्या चार घड्या घातल्यात, बंडीच्या खिशात खर्ऱ्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, पुडीशेजारी ठेवलंत आणि आत गेलात.

मी भिंतीपाशी जायचं बंद केलं. लाज वाटत होती. पण लाज वाटते हे स्वतःशी कबूल करण्यापेक्षा राग आला आहे असं समजणं सोपं होतं. तुमच्याकडून वहिनींबरोबर एक पेरू आला. त्याच्या सालीवर एक टोचलेलं भोक होतं आणि भोकाभोवती निळ्या पेनाने गोल काढलेला होता. दोन दिवसांनी दुसरा आला, त्यावर तीन गोल. सुधा म्हणाली, "अहो, ते बोलावतायत." मी म्हणालो, "तसं नाही ते. टोमणा आहे." गणपतीचा प्रसाद सुधाच देऊन आली. तुम्ही तिला विचारलंत म्हणे, "सर वाचून राहिले का?" ती हो म्हणाली. मी वाचत नव्हतो. त्याच त्या पानावर आठ दिवस होतो.

त्या दिवसांत ड्रमजवळ मला दोनदा खर्ऱ्याची प्लास्टिकची पन्नी सापडली. वाऱ्याने आली असेल म्हणून मी उचलून फेकली. पुस्तकाचं पान फाटलं तर कोणत्या मुलाने फाडलं हे मी त्याच्या चालण्यावरून ओळखत असे. आणि इथे माझ्याच भिंतीच्या आत, तुमच्याच खर्ऱ्याची पन्नी, आणि मी वाऱ्याला दोष दिला.

मग तो शनिवार आला. सकाळी वर्तमानपत्र वाचल्याचा आवाज आला नाही. मी जागा होतो, वाट पाहत होतो. नंतर वहिनींची हाक ऐकू आली.

त्याबद्दल लिहीत नाही. तुम्हाला ते माहीत आहे.

तेरवी झाल्यावर दोन दिवसांनी वहिनींनी मला बोलावलं. तुमचा मुलगा आणि सून पुण्याला परतले होते. मी जाताना मनात एक वाक्य तयार करून गेलो होतो, क्षमेचं, व्याकरणशुद्ध. वहिनींनी मला बोलू दिलं नाही. समोर एक लांबट प्लास्टिकची डबी ठेवली. औषधाच्या गोळ्या ठेवायची, सात खणांची, प्रत्येक खणाच्या झाकणावर वाराचं नाव. मुलाने पाठवलेली.

"पोरानं गोळ्यांसाठी पाठवली," वहिनी म्हणाल्या. "गोळ्या हे पाकिटातूनच खात. मी पाहत होती ना. ह्या डबीत यायनं काय ठेवलं, तुम्हीच पाहा."

मी रविवारचं झाकण उघडलं. आत वर्तमानपत्राच्या कागदाची बारीक चिठ्ठी आणि पाच-सहा वाळलेली चिलटं. चिठ्ठीवर तुमचं अक्षर, प्रत्येक शब्द वेगळा, पेन जोरात दाबलेला: 'सरचा डरम. लाल डोळे. पट्टा नाही. सर बरोबर.'

सोमवार: 'आपला जांब. २ पट्टे. आपली चुकी.'

मंगळवारीही तुमचाच पेरू, दोन पट्टे, 'पुन्हा आपली.'

मी वर पाहिलं. वहिनी पदर तोंडाशी धरून माझ्याकडेच पाहत होत्या. "दर सकाळी," त्या म्हणाल्या, "तुम्ही फिराले गेले का हे स्टुलावर चढून भिंतीपल्याड. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा डरमवर टाकत, माश्या धरत, अन् तुम्ही याच्या आधी वापस. मी म्हणो, पडसान जी, वय काय, करून काय राहिले! तं म्हणे, हळू बोल वं, सर येतीन. अन् माश्या कुठी ठेवे माहीत हाय? फ्रीजमधी! मी बर्फ काढाले गेली तं बाटलीत माश्या!"

"फ्रीजमध्ये?"

"तुमच्याच कागदात लिहेल हाय म्हणे, थंडीत सुस्त होतात."

तो कागदही त्यांनी काढून दिला. चार घड्यांवर झिजलेला, खर्ऱ्याचा वास लागलेला. पहिल्या उपायाखाली माझी लाल रेघ होती. त्याच्या पुढच्याच ओळीखाली निळी रेघ होती, एक नाही, दोन. ती ओळ मी त्या कागदावर तेव्हा पहिल्यांदा वाचली: 'अळी पडलेली फळे व भाज्या खताच्या खड्ड्यात टाकू नयेत.'

भाऊ, मी तुम्हाला वाचा म्हणालो होतो. तुम्ही वाचलंत. मी माझ्या कामाच्या ओळीशी थांबलो होतो.

बुधवारचा खण. गुरुवारचा. शुक्रवारचा. तिन्हींत एकेक माशी, पिवळसर तांबूस, गांधीलमाशीची धाकटी बहीण असावी अशी. तिन्ही चिठ्ठ्यांवर एकच मजकूर: 'सरचा डरम. ३ पट्टे. कारल्याची.' शुक्रवारच्या चिठ्ठीवर तिनाच्या आकड्याभोवती निळा गोल.

म्हणजे वहिनींची किडकी कारली मी शास्त्रशुद्ध थर देऊन ड्रममध्ये टाकत होतो, आतल्या अळ्या तिथे सुखाने मोठ्या होत होत्या आणि बाजूच्या भोकांतून, जी मीच हवेसाठी पाडली होती, माश्या होऊन थेट वहिनींच्या वेलावर परत जात होत्या. तुम्ही पेरूच्या माश्या पोसत होतात आणि मी कारल्याच्या. दोघं मिळून आपण नंदनवनात फार चांगला व्यवसाय चालवला होता.

शनिवारचा खण रिकामा होता.

मी विचारलं, "रागावले होते का माझ्यावर?" माझं तयार केलेलं वाक्य त्या वेळी आठवलं नाही.

"काहाचे रागावते! दोन दिवस कागद घेऊन बसले, मले वाचून दाखवत. मी म्हटलं, सर असं काहून बोलले तुमाले? तं म्हणे, सरले माहीत हाय मले वाचता येते, म्हणूनच तं म्हटलं. येत नसतं तं म्हटलं असतं का त्यायनं?" वहिनी थांबल्या. डोळे पुसले, आणि मग हसायलाच लागल्या. "मी म्हटलं, मंग जाऊन दाखवा ना डबी. तं म्हणे, नाही वं, ते येतीन. सात खण भरू दे. आले का हातात देतो. मंग पाह्य, चष्मा वर करतीन, भिंग लावतीन, एक डाव पाहतीन, दोन डाव पाहतीन, अन् म्हणतीन, 'तसं नाही ते'. अन् मंग गप्प बसतीन. ते गप्प बसलेलं तोंड मले पाहाचं हाय."

मी खिशातून भिंग काढलं. काढताना चष्मा वर केलेलाच होता. शुक्रवारची माशी पाहिली. पाठीवर दोन पट्टे, एक डावीकडे, एक उजवीकडे. मधोमध तिसरा. पुन्हा पाहिलं. पंखाच्या टोकाला डाग. तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "तसं—"

वहिनी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. तेरवीनंतर त्या घरात पहिल्यांदाच कोणी इतकं हसलं असेल. मी पाणी आणून दिलं. आणि मग, भाऊ, मी गप्प बसलो. बराच वेळ. तुम्ही सांगितलं होतंत तसाच.

डबी मी घरी आणली. तुमच्यावर माझा विश्वास नव्हता असं समजू नका. पण सवय जात नाही, आणि एक खण रिकामा होता. ड्रममधलं एक कुजलेलं कारलं काचेच्या बरणीत घातलं, खाली दोन बोटं वाळू, वर मच्छरदाणीचा तोच तुकडा, वहिनींनी दिलेला. अळ्या वाळूत उतरल्या. मी रोज पहाटे उठून पाहायचो. वर्तमानपत्राचा आवाज नसल्यामुळे जाग आपोआप येते. एक गोष्ट मी सुधालाही सांगितलेली नाही. परवापासून मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचतो, बरणीशेजारी बसून. निविदांपर्यंत पोचलो नाही अजून.

काल सकाळी वाळू हलली. आधी एक डोकं, मग चुरगळलेले पंख. तासाभरात पंख पसरले, रंग भरला आणि ती जाळीखाली तुरूतुरू चालायला लागली. भिंगाची गरज नव्हती, तरी लावलं. बरणी फ्रीजमध्ये ठेवताना सुधाने पाहिलं. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. तिने फक्त दह्याचं पातेलं सरकवून जागा करून दिली.

ड्रमच्या भोकांना आता बारीक जाळी लावली आहे. किडकी कारली पाण्यात बुडवतो. पडलेले पेरू उचलतो, एक सोडून. तुमच्या वडिलांचा मान आणि पाखरांची सोय, दोन्ही एका पेरूत बसतं का, हा प्रश्न मी खारीवर सोपवला आहे.

आज दुपारी शनिवारचं झाकण उघडून ती माशी आत ठेवली. वर्तमानपत्राचा कोपरा फाडला, तुमच्यासारखं पेन दाबून एकेक शब्द वेगळा लिहिला आणि तिच्याशेजारी ठेवला:

'सरचा डरम. ३ पट्टे. तसंच आहे ते, देवरावभाऊ.'